दुधाचा माग

हुबळी-धारवाडच्या आपल्या मराठी घरांतील आजी तान्ह्याला घेऊन येतात आणि सांगतात, "डॉक्टर, बाळ दूध टाकतंय." वजन नीट वाढत असेल, तर धीर देणे हाच बहुधा उपचार. प्रश्न गंभीर होतो तो दूध पिताना ठसकणाऱ्या, वरचेवर न्यूमोनिया होणाऱ्या बाळाचा. जठरातील दूध वर येऊन फुप्फुसांत तर उतरत नाही ना?

बेरियमच्या तपासणीत अन्ननलिकेची रचना कळते, पण ते काही मिनिटांचेच दर्शन. 'मिल्क स्कॅन'मध्ये नेहमीच्याच दुधात टेक्नेशियम-९९एम सल्फर कोलॉइड अत्यल्प मात्रेत मिसळतात. (हे टेक्नेशियम जनरेटरमधून काढण्याला न्यूक्लिअर मेडिसिनवाले 'गाय दोहणे'च म्हणतात!) मागाहून साधे दूध पाजून अन्ननलिका धुऊन काढतात व बाळाला गॅमा कॅमेऱ्याखाली निजवून तासभर चित्रे घेतात. हे द्रव्य आतड्यातून रक्तात शोषले जात नाही. टेक्नेशियमची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते. दुधाने जठरातील आम्ल सौम्य होते, त्यामुळे पीएच-तपासणीतून निसटणारे दूधही येथे दिसते.

मात्र केवळ दूध वर आलेले दिसले म्हणून औषधे सुरू करणे मला पटत नाही. निरोगी तान्ह्यांतही ते येते. उलट, फुप्फुसे कोरी दिसली म्हणून शंका फिटत नाही. त्या वेळी दूध श्वासात गेलेच नसेल. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची लाळच श्वासनलिकेत जात असावी असे वाटल्यास जिभेवर थेंब ठेवून 'सॅलिव्हाग्राम' करावा. म्हणून चिठ्ठीवर मी नुसते 'मिल्क स्कॅन' लिहीत नाही. बाळाला ठसका केव्हा लागतो ते लिहितो आणि फुप्फुसांची उशिराची चित्रेही आवर्जून मागवितो.