लेक खेळात चमकली, कॉलेजं बोलावू लागली : होकार देण्याआधी काय विचाराल?

सख्यांनो, बारावीचा निकाल लागला की आपल्या गावात दोन प्रकारची माणसं घरी येतात. एक स्थळ घेऊन येणारी, दुसरी कॉलेजात ॲडमिशन द्यायला येणारी. पोरगी जर शाळेकडून विभागापर्यंत, राज्यापर्यंत खेळून आली असेल, तर दुसऱ्या प्रकारची माणसं जरा जास्तच येतात. "फी माफ, राहणं-खाणं आमच्याकडं, फक्त आमच्या कॉलेजकडून खेळा." ऐकायला गोड वाटतं. पण सही करायच्या आधी हा मामला नीट समजून घेऊ.

कॉलेजला खेळाडू का हवा असतो? आपला जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो. कॉलेजा-कॉलेजांत स्पर्धा होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो देशभरातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. आपली विद्यार्थिनी तिथं जिंकली की कॉलेजचं नाव होतं. म्हणजे ते उपकार करत नाहीत, ही देवाणघेवाण आहे. आपणही आपल्या बाजूनं विचारलंच पाहिजे.

बाहेरच्या देशांत हे फार आधीपासून चालतं. अमेरिकेत बास्केटबॉलची कॉलेजं शाळेतलीच पोरं हेरतात आणि शिष्यवृत्ती देऊन नेतात. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग असाच 2010 साली तिकडच्या अकादमीत शिष्यवृत्तीवर गेला. 2015 मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या लीगच्या संघानं निवडलेला तो पहिला भारतीय ठरला.

पण दूर कशाला जायचं? आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर बघा. 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्यानं जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिरंदाजाला 149 विरुद्ध 148 असं हरवलं. पन्नास मीटरवरून पंधरा बाण, प्रत्येक बाणाचे जास्तीत जास्त दहा गुण. म्हणजे पंधरापैकी चौदा बाण आठ सेंटिमीटरच्या, आपल्या वाटीच्या तोंडाएवढ्या गोलात! त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत त्यानं अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर सांघिक सुवर्ण आणलं. आणि पोरींचं म्हणाल, तर बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी 2019 मध्ये चीनला झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. साताऱ्याची अदिती स्वामी तर 2023 मध्ये सतराव्या वर्षीच जगज्जेती झाली. तिचे वडील शाळामास्तर. लेकीच्या सरावासाठी घर गावातून साताऱ्याला हलवलं आणि धनुष्यासाठी कर्जही काढलं.

कर्जाचं नाव निघालं म्हणून सांगते. कंपाउंड धनुष्य, म्हणजे चाकांचं धनुष्य, लाखांच्या घरात जातं. सुरुवातीलाच ते घ्यायची काही गरज नाही. इंडियन राउंड नावाचा प्रकार बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या धनुष्यावर खेळतात, त्याच्याही शालेय स्पर्धा होतात. पोरीचा हात बसला, प्रशिक्षकानं खात्री दिली, मगच पुढचा खर्च. आणि त्यासाठी जादा व्याजाची खासगी फायनान्सची कर्जं नकोत. गटाच्या बैठकीत विषय मांडा, अंतर्गत कर्जातून किती झेपतं ते पाहा, हप्ता कुठून भरणार तेही तिथंच लिहा.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

पहिला : फी माफ म्हणजे कोणती फी? प्रवेशाची, परीक्षेची, वसतिगृहाची की सगळी? एक वर्ष की पदवी होईपर्यंत?

दुसरा : तिच्या खेळाचा प्रशिक्षक आणि मैदान कॉलेजकडं आहे का? नुसतं नाव लावायला पोरगी हवी असेल, तर तीन वर्षांत तिचा खेळ बसतो.

तिसरा : दुखापत झाली तर उपचार कोण करणार? खेळता आलं नाही तर सवलत बंद होणार का? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि सगळ्यांत जास्त अडचण इथंच होते.

चौथा : स्पर्धा आणि परीक्षा एकाच तारखेला आल्या तर काय?

पाचवा : मुलींचं वसतिगृह कुठं आहे, बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत बाई शिक्षक असतात का, कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती कुणाची आहे? ही समिती 2013 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. लेक अठराच्या आतली असेल तर 1098 हा नंबर तिच्या पाठ असू द्या.

उत्तरं कॉलेजच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी मागा. तोंडी शब्द प्राचार्य बदलले की बदलतो.

कागद सांभाळा

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय, अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एकच हवी. वय कमी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. ते उघडकीला आलं की खेळणं बंद होतं, मिळवलेलं पदकही जातं.

हे कागद पुढं भाकरी देतात. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण कोणतंही प्रमाणपत्र चालत नाही. कोणत्या पदाला कोणती कामगिरी लागते ते शासन निर्णयात ठरलेलं आहे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं करावी लागते, आपल्याला अमरावतीला. "पैसे द्या, राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र देतो" म्हणणारे भेटतात. असं बोगस प्रमाणपत्र पडताळणीत सापडलं की नोकरीही जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

लेक अजून लहान असेल तर शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची चौकशी करा. तिथं प्रशिक्षण, राहणं, जेवण आणि शाळा शासनाच्या खर्चानं होते, निवड मात्र चाचणीतून. माहिती बुलढाण्याला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

गटानं काय करावं?

आपल्या गटातल्या कुणाची पोरगी खेळते, हे एकदा बैठकीत विचारा. तिच्या आईला एकटीनं कॉलेजच्या साहेबासमोर बसू देऊ नका, दोघी-तिघी सोबत जा. घरी स्थळ आलं म्हणून खेळ सुटत असेल, तर घरच्यांशी बोलायलाही जा. पोरगी अठराची झाली नसेल, तर लग्न कायद्यात बसतच नाही, हे तिथं स्पष्ट सांगा.

आणि सगळ्या पोरी पदक आणतील असं नाही. पण पोरगी तीन वर्षं खेळली, पदवी घेतली, एकटीनं रेल्वेनं दुसऱ्या राज्यात जाऊन आली, तर ती शिदोरी तिला जन्मभर पुरते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. त्यात एक पुरुष आणि एक बाई मिळून खेळतात. म्हणजे एक जागा बाईचीच आहे.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा, आणि पाच प्रश्न वहीत उतरवून घ्या.