शिवराई: नाव राजाचं, भरवसा तांब्याचा

महाड एमआयडीसीत पाळीच्या वेळी गेटाबाहेर उभ्या असलेल्या कितीतरी मोटारसायकलींच्या किल्लीला शिवराई लटकलेली दिसते. नक्कलच ती. चकचकीत, काठोकाठ गोल आणि अक्षरं सगळीच्या सगळी उमटलेली. तेवढ्यावरूनच ती नक्कल आहे हे कळतं.

अस्सल शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, एका बाजूला तीन ओळी असतात, श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन, छत्र आणि पति. भोवती ठिपक्यांचं कडं. चित्र नाही, साल नाही, टांकसाळीचं नाव नाही. तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा, अशी ही घडण. ठसा बहुतेक वेळा तुकड्याहून मोठा, त्यामुळे कुठे ‘श्री’ बाहेर राहतो, कुठे ‘पति’ अर्धाच येतो. ठसे कोरणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घाचीही फारशी फिकीर नव्हती. शिव, शीव, सिव, सगळं चालून गेलं.

6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यानंतरची ही नाणी. हाच मजकूर सोन्याच्या होनावरही आहे. होनाचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. होन हा दक्षिणेचा जुना शिरस्ता, विजयनगरच्या नाण्यांवर नागरी अक्षरं आधीही होती. पण भोवतालच्या मोगल आणि आदिलशाही नाण्यांवर फारसी असताना तांब्याच्या पैशावर, म्हणजे भाजीवाल्याच्या हातातल्या नाण्यावर, देवनागरी आणणं ही राजकीय घोषणाच होती.

घोषणेनं नाणं ओळखलं जातं. चालतं मात्र धातूवर. हे रायगडाला पक्कं ठाऊक होतं. राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन राहिला होता. मुंबईत त्यांचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरनं 1672 साली टांकसाळ सुरू केली होती, तेव्हा आपलं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं असं कलम इंग्रजांना तहात हवं होतं. महाराजांच्या वतीनं निराजीपंतांनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा: कुठल्याही नाण्याला आमची मनाई नाही, पण रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्या म्हणून आम्ही सक्ती करणार नाही, तुमचं नाणं वजनाला आणि कसाला मोगलांच्या बरोबरीचं असेल तर ते आपोआप चालेल. चलनाबद्दल इतकं शहाणं उत्तर पुढच्या काळातही फार कमी सरकारांनी दिलं असेल.

शिवराईचं दीर्घायुष्यही यातच आहे. संभाजी महाराजांनी ‘श्री राजा शंभू’ असा मजकूर घातला, राजाराम महाराजांचंही नाव नाण्यावर आलं. पण बाजारात रुळला तो ‘राजा शिव’च. पेशवाईत टांकसाळी कराराने खासगी माणसांना दिल्या जात. 1744 साली नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना आणि रेवदंड्याच्या बहिरव राम दातारांना तांब्याची नाणी पाडण्याचे परवाने मिळाले. ही दोन्ही गावं आजच्या रायगड जिल्ह्यातलीच. मालक बदलले, ठसे बदलले. पुढे दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ आली आणि वजनही उतरत गेलं. तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातसुद्धा, इंग्रजी पैशाच्या जोडीनं, शिवराई दख्खनच्या बाजारात फिरत होती. रुपयाला किती शिवराया हे सराफ ठरवत आणि भाव खाली-वर होत असे.

1999 साली भारत सरकारनं शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेलं दोन रुपयांचं अकरा बाजूंचं नाणं चलनात आणलं. त्यावर साल आहे. शिवराईवर नाही, आणि जुन्या नाण्यांच्या बाजारात नेमका याचाच फायदा घेतला जातो. दुदांडी पुढे करून ‘थेट महाराजांच्या काळातली’ म्हणून भाव सांगितला जातो. विकत घ्यायचीच असेल तर आधी काटा मागा: सुरुवातीच्या शिवराया साधारण अकरा-बारा ग्रॅमच्या घरात भरतात. मग मागची बाजू पाहा. तिथे त्या दोन रेघा असतील, तर नाणं पेशवाईचं धरून बोला.