सूक्ष्मनियंत्रक : उच्च दाबाच्या संकेतांची जोडणी

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे एकाच सिलिकॉन चकतीवर सामावलेला लहान संगणक. तो बहुधा ५ किंवा ३·३ व्होल्ट एकदिश दाबावर चालतो. त्याच्या आदान टोकावरील दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा साधारणतः ०·३ ते ०·५ व्होल्टहून अधिक वाढल्यास आतील संरक्षक डायोडांतून प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह मर्यादित नसल्यास ते टोक, प्रसंगी सर्व चकती, निकामी होते. उलटपक्षी, त्यास कळवावयाचे संकेत मोटारगाडीत १२, कारखान्यात २४ व घरगुती वीजपुरवठ्यात २३० व्होल्टचे असतात.

२४ व्होल्टपर्यंत दोन रोधकांचा दाब विभाजक पुरतो. २७ व ३·३ किलोओहमचे रोधक एकसरीत जोडल्यास लहान रोधकावर सु. २·६ व्होल्ट मिळतात. पुरवठा ३० व्होल्टपर्यंत चढला, तरी तेथील दाब ३·३ व्होल्टच्या आतच राहतो.

२३० व्होल्टकरिता मात्र हा मार्ग त्याज्य होय. मुंबई–गोवा महामार्गापासून मालवणचा रस्ता जेथे फुटतो त्या कसाल (जि. सिंधुदुर्ग) येथील एखाद्या बागायतदारास, विहिरीवरील पंपाला वीज आली की नाही हे घरबसल्या कळावे, अशी योजना करावयाची आहे असे समजू. विभाजकाची एक तार सूक्ष्मनियंत्रकाशी सामाईक असते. फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाली—आणि ती वारंवार होते—की सर्व मंडल जिवंत होते व त्याच्या बटणाला किंवा तारेला होणारा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो.

यावर उपाय म्हणजे प्रकाशीय विलगक. त्यात प्रकाश उत्सर्जक डायोड व प्रकाशसंवेदी ट्रँझिस्टर एकाच वेष्टनात समोरासमोर असतात. संकेत प्रकाशाने जातो, विद्युत् जोडणी नसते. अर्धा वॉट क्षमतेचे ४७ किलोओहमचे दोन रोधक एकसरीत घातल्यास सु. २·४ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. एकच रोधक घेऊ नये, कारण प्रत्यावर्ती दाबाचे शिखर सु. ३२५ व्होल्ट असते व ते दोघांत विभागले जाणे इष्ट असते. उत्सर्जक डायोड ५-६ व्होल्टहून अधिक उलट दाब सोसत नाही. म्हणून त्याला समांतर, उलट दिशेने साधा डायोड जोडतात. ५० हर्ट्झ पुरवठ्यात दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो. सु. ६० मिलिसेकंद स्पंद न आल्यासच वीज गेली असे आज्ञावलीने मानावे.

कोकणात वैशाख-ज्येष्ठात व परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा लांब तारांत क्षणिक उच्च दाब उत्पन्न होतो. त्यासाठी प्रवेशापाशी फ्यूज व त्यापुढे दाबानुसार रोध बदलणारा धातु-ऑक्साइड रोधक घालतात. हौशी जोडणीकार हे दोन्ही घटक सर्रास गाळतात. खाऱ्या दमट हवेत फळीवर क्षारांचा थर साचून गळती प्रवाह वाहतो. यास्तव विलगकाच्या दोन बाजूंमध्ये किमान ६ मिलिमीटर अंतर ठेवून, शक्य तर तेथे फट कापून, फळीवर निरोधक रोगण चढवितात.