थांबू न शकणारा माल : भारतातील ब्रॉयलर व्यवसायाची वाढ आणि तिची कच्ची बाजू



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी याच वास्तूत आम्हांला सरळव्याज शिकविले. मुद्दल, दर आणि मुदत या तिहींपैकी पहिली दोन मुले ध्यानात ठेवतात आणि तिसरी विसरतात, अशी त्यांची नेहमीची तक्रार असे. उत्तर चुकले की वहीच्या समासात ते लाल शाईने एकच शब्द लिहीत : ‘मुदत?’ पुढे माझे सारे आयुष्य बँकेच्या शेतीकर्ज विभागात गेले. तेथे माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक ही मुदत विसरण्याचीच होती, आणि आजच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

विषय आहे ब्रॉयलर कोंबडीचा. या सभागृहातील अनेकांच्या घरी हा पदार्थ शिजत नाही, हे मी जाणतो. पण आपण इंदूरकर आहोत. आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत पिकणारे सोयाबीन गाळल्यावर तेल निघते ते थोडे आणि पेंड उरते ती पुष्कळ. या पेंडीचे देशातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे कोंबडी. तेव्हा आपण कोंबडी खात असू वा नसू, तिच्या बाजारभावाचा धागा आपल्या मंडीपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम या व्यवसायाचा आवाका पाहू. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पक्षी मोजले गेले. २०२३-२४ मध्ये देशाचे एकूण मांस उत्पादन सुमारे १ कोटी २ लाख ५० हजार टन होते, आणि त्यात कुक्कुट मांसाचा वाटा जवळजवळ निम्मा होता. आपल्या बालपणी कोंबडी ही अंगणात दाणे टिपणारी आणि पाहुणा आला तरच कापली जाणारी गोष्ट होती. एका पिढीच्या आत तिचा उद्योग झाला, तो कसा?

याची कारणे तीन. पहिले कारण वाणाचे. अंड्यांसाठी वेगळी आणि मांसासाठी वेगळी अशी संकरित जात निवडली गेली. मांसासाठीची जात म्हणजे ब्रॉयलर. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे हा उद्योगसमूह पुण्यास स्थिरावला आणि ‘कॉब’ या अमेरिकी वाणाशी सहकार्य करून त्याने देशभर पिल्ले पुरविली. दुसरे कारण खाद्याचे. माळव्यात पूर्वी पुष्कळ काळी जमीन खरिपात पडीक ठेवीत. सोयाबीन आले आणि त्या जमिनीतून प्रथिनांचा मोठा साठा उपलब्ध झाला. आरंभी ही पेंड बहुतांशी परदेशी जाई. देशात कोंबडीपालन वाढले तशी ती येथेच खपू लागली. तिसरे कारण व्यवस्थेचे. तामिळनाडूतील उदुमलपेट येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या सुगुणा या कंपनीने आणि तिच्यासारख्या इतरांनी १९९० नंतर करार पद्धत रुजविली. तिच्याविषयी पुढे सांगेन.

या तिन्ही कारणांनी मिळून साधले काय? साधले ते एकच : काळ आखडला. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते. सहा आठवड्यांच्या आतच ते दोन किलोंचे होते, म्हणजे पन्नास पट. तेवढ्या काळात ते सुमारे सव्वातीन किलो खाद्य खाते. त्यात निम्म्याहून अधिक मका आणि जवळजवळ किलोभर सोयापेंड असते. जनावराला वर्ष दोन वर्षे पोसावे लागते, येथे सहा आठवड्यांत भांडवल मोकळे होते. शेड धुऊन, निर्जंतुक करून, भाताचे नवे तूस पसरून पुढची बॅच टाकायची. वर्षाला सहा बॅचेस सहज निघतात. कर्ज देणाऱ्याला याहून गोड हिशेब कोणता?

पण या हिशेबात एक मेख आहे. सोयाबीनचा भाव पडला तर शेतकरी पोती घरात रचून ठेवू शकतो. गव्हाचे तसेच. ब्रॉयलरला गोदाम नाही. दोन किलोंचा पक्षी विकला गेला नाही तर तो दुसऱ्या दिवशीही खातोच, रोज दीडशे ग्रॅमहून अधिक, आणि त्या खाद्याच्या मानाने त्याचे वजन वाढण्याचा वेग मात्र मंदावत जातो. गर्दी वाढते, उष्णता वाढते, मरतूक वाढते. त्यातच आपल्याकडील बहुतेक गिऱ्हाइकाला डोळ्यांदेखत कापलेली ताजी कोंबडी हवी असते. म्हणून माल जिवंतच विकावा लागतो, थंड करून ठेवण्याची सोय थोड्यांपाशीच आहे. ज्याला थांबता येत नाही त्याला बाजार ओळखतो, आणि भाव पाडून घेतो.

विकणाऱ्याला थांबता येत नाही, तसेच उत्पादन करणाऱ्याला एकाएकी वळताही येत नाही. पैदाशीची मादी २४-२५ आठवड्यांची झाल्यावर अंडी घालू लागते. अंडे उबण्यास २१ दिवस लागतात, आणि पुढे सहा आठवडे वाढीचे. म्हणजे आज भाव चांगला आहे म्हणून कोणी पैदाशीचे पक्षी वाढविले, तर त्याचा माल बाजारात येतो आठ महिन्यांनी. तोवर इतरांनीही तेच केलेले असते. भाव कोसळतो, सारे हात आखडतात, आणि पुन्हा आठ महिन्यांनी टंचाई होते. श्रावणातील घट निदान पंचांगात दिसते. इंदुरात तर हिंदी भाषकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि २०२३ सारखा अधिक श्रावण आला तरी तो वर्षभर आधी ठाऊक असतो. अफवेचे पंचांग मात्र कोठे मिळत नाही.

आता माझी चूक सांगतो. २००५ मध्ये महूच्या पुढील एका गावच्या तरुण शेतकऱ्यासाठी पाच हजार पक्ष्यांच्या शेडचे कर्ज मी शिफारस करून मंजूर करविले. पिल्लांचा भाव, खाद्याचा भाव, मरतूक, विक्रीचा सरासरी भाव, सारे प्रकरणात नीट मांडले होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. नवापूर आमच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर. या तरुणाचा एकही पक्षी आजारी नव्हता. पण त्याची बॅच विक्रीस तयार झाली आणि व्यापाऱ्याची गाडी आली नाही. पाच हजार पक्षी रोज आठ क्विंटल खाद्य फस्त करीत होते. मी पाहणीस गेलो तेव्हा तो दारात उभा होता. आत पक्ष्यांचा गलका चालला होता. तो एवढेच म्हणाला, “साहेब, यांना उपाशी ठेवू का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी मिळेल त्या भावाने त्याने माल काढला. गिऱ्हाईक पंधरा दिवस आले नाही तर काय, हा प्रश्न माझ्या प्रकरणात कोठेच नव्हता. गुरुजी असते तर समासात तोच शब्द लिहिला असता.

त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने कुक्कुटपालकांच्या कर्जांना मुदतवाढ देण्याच्या सूचना दिल्या, तेव्हा त्याचे हप्ते पुढे ढकलता आले. पण येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रोगाच्या क्षेत्रात सरकार जे पक्षी मारते, त्यांची भरपाई मिळते. दूरवरच्या ज्या शेडमध्ये निरोगी पक्षी केवळ भीतीपायी विकले जात नाहीत, तेथील नुकसान भरून देणारा कोणी नसतो.

असे पुन्हा पुन्हा घडले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो अशी अफवा उठली. तिला काही आधार नव्हता. हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखविली, तरीही भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली गेले. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका व्यावसायिकाने हजारो पक्षी खड्ड्यात पुरले. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, डिसेंबर २०२० च्या अखेरीस, आपल्याच गावात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत त्यांच्यात बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, आणि पुन्हा गिऱ्हाईक मागे सरले.

दुसरा धोका खाद्याच्या बाजूने येतो. ब्रॉयलरच्या उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा साधारण दोन तृतीयांश असतो. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या मंडीत सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला, तेव्हा हमीभाव ३,९५० रुपये होता. माळव्यातील शेतकऱ्याला क्वचित लाभणारा तो आनंद कोंबडीपालकाच्या जिवावर बेतला. सरकारने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली आणि शेतकरी संतापले. उलट २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना मंडीत सोयाबीन त्याहून बरेच खाली विकले गेले. मक्याची गोष्टही अशीच. इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली, आणि मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात करू लागला. मक्याचा भाव कोंबडीपालक ठरवीत नाही, कोंबडीचाही नाही. दोन्हींच्या मध्ये तो उभा असतो.

हे चटके बसल्यावर आमचा तरुण करार पद्धतीकडे वळला. तीत कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेतकऱ्याची जागा, शेड, वीज, पाणी आणि मेहनत. पक्षी कंपनीचेच राहतात आणि त्याला किलोमागे ठरलेले संगोपन शुल्क मिळते. भाव पडला तर तोटा कंपनीचा. ही सोय खरी आहे, आणि लहान शेतकरी या व्यवसायात टिकला तो पुष्कळ अंशी तिच्यामुळेच. पण काही वर्षांनी तो भेटला तेव्हा म्हणाला, “आता पक्षी विकण्याची काळजी नाही, पक्षी येण्याची आहे.” बाजार मंदावला की कंपनी पुढची पिल्ले उशिरा टाकते. वर्षाच्या सहा बॅचेसच्या पाच होतात, कधी चार. शेड रिकामी, बँकेचा हप्ता मात्र चालू. पूर्वी त्याला थांबता येत नव्हते म्हणून तो बुडत होता, आता त्याला थांबवून ठेवले जाते म्हणून. दोन्ही वेळा मुदतीचा भार त्याच्याच खांद्यावर.

तिसरा धोका परदेशी मालाचा. अमेरिकेत छातीच्या मांसाला मागणी अधिक, त्यामुळे तंगड्या स्वस्तात उरतात. गोठविलेली तंगडी कित्येक महिने थांबू शकते. आपला जिवंत पक्षी एक आठवडाही नाही. भारताने बर्ड फ्लूच्या कारणाने घातलेल्या निर्बंधांविरुद्ध अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०१५ मध्ये अंतिम निर्णय भारताच्या विरुद्ध गेला. तरी शंभर टक्के आयात शुल्काने आणि ताज्या मांसाच्या आवडीने ही वाट दीर्घकाळ रोखून धरली. ज्या देशांना हे जमले नाही त्यांचे उदाहरण म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना. तेथील संसदेने २००३ मध्ये कोंबडीवरील आयात शुल्क २० वरून ४० टक्के केले, पण अल्पावधीत ते स्थगित झाले. तेथील बाजार गोठविलेल्या आयात मालाने भरला आणि स्थानिक ब्रॉयलरपालन मागे पडले.

मग उपाय काय? माझ्या अल्प अनुभवातून तीन सुचवितो. पहिला, जिल्ह्याजिल्ह्यात स्वच्छ कत्तलखाने आणि शीतगृहे व्हावीत आणि त्यांत लहान पालकांच्या सहकारी संस्थांना जागा मिळावी, म्हणजे माल निदान काही आठवडे थांबू शकेल. दुसरा, करारात वर्षाला किती बॅचेस मिळणार हे लिहिलेले असावे आणि रिकाम्या दिवसांचे काही भाडे ठरावे. तिसरा माझ्या जुन्या खात्यासाठी : कोंबडीपालनाच्या कर्जाचे हप्ते वर्षाला सहा बॅचेस धरून न बांधता चार धरून बांधावेत. हप्ता लहान होईल, मुदत लांबेल, बँकेला व्याज थोडे उशिरा मिळेल. पण वाईट वर्ष आले तर कर्जदार उभा राहील.

हा तिसरा उपाय मला २००५ मध्ये सुचला असता, तर एका घराची तीन-चार वर्षे वाचली असती. त्या शेतकऱ्याने कर्ज अखेर पूर्ण फेडले. त्यासाठी त्याला वडिलोपार्जित जमिनीतील एक बिघा विकावा लागला, आणि ते त्याने मला फार उशिरा सांगितले. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या बँकेत, कंपनीत, शासनात कागदांवर सह्या करतील. नफ्याचा आकडा पाहून झाला की त्यांनी एवढे जरूर विचारावे : यात थांबावे कोणाला लागणार आहे, आणि त्याला ते झेपणार आहे का?