एक्सेलमधली तारीख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक्सेलच्या सेलमध्ये तारीख दिसते, पण आत साठवलेला असतो तो एक आकडा. १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक देऊन पुढचे दिवस मोजलेले असतात. त्या हिशेबाने १५ ऑगस्ट २०२४ म्हणजे ४५५१९. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली ती चूक त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने जाणूनबुजून ठेवली.) दिवस आधी लिहायचा की महिना, हे केवळ दाखवण्यापुरते ठरते. भारत आणि ब्रिटनमध्ये दिवस आधी येतो, अमेरिकेत महिना, जपानमध्ये वर्ष.

सीएसव्ही फाइलमध्येही तारखा अशाच साठवलेल्या असतात, ही समजूत चुकीची आहे. सीएसव्हीत फक्त अक्षरे आणि स्वल्पविराम असतात; अमुक रकाना तारखेचा आहे अशी नोंद त्यात कुठेच नसते. ०५/०७/२०२४ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हे फाइल उघडणारा संगणक ठरवतो, तेही विंडोजच्या रीजन सेटिंगवरून. भारतातल्या अनेक संगणकांवर ते सेटिंग ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असेच राहून गेलेले असते. त्यामुळे एकच फाइल दोन टेबलांवर दोन वेगळ्या तारखा दाखवू शकते.

तारीख चुकली तर एक्सेल सांगेलच, हा भरवसा सगळ्यांत महागात पडतो. जुलै २०२४ची बिले दिवस-महिना-वर्ष या क्रमाने सीएसव्हीत उतरवली आणि अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर दोनदा क्लिक करून उघडली, असे धरू. १ जुलैचे बिल ७ जानेवारीला जाते, २ जुलैचे ७ फेब्रुवारीला, आणि असे करत १२ जुलैचे ७ डिसेंबरला. बरोबर राहते ते फक्त ७ जुलैचे. १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्याने एक्सेल हात टेकते आणि ती नोंद साधा मजकूर म्हणून ठेवून देते. पूर्ण वर्षाचा हिशेब मांडला तर ३६५ पैकी २२१ तारखा मजकूर होऊन पडतात, १२ जशाच्या तशा राहतात आणि १३२ गुपचूप बदलतात. या १३२ तारखा खऱ्याच दिसतात, म्हणून त्या धोक्याच्या. महिनावार बेरजेत जुलैची रक्कम वर्षभर विखुरते आणि पडद्यावर एकही इशारा उमटत नाही. संशय घेण्याजोगी खूण एकच: मुद्दाम बदल केला नसेल तर तारखा सेलच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. एकाच रकान्यात दोन्ही दिसले, तर उलथापालथ झाली आहे.

अशा वेळी बहुतेकांचा हात ‘फॉरमॅट सेल्स’कडे जातो. त्याने फक्त रूप बदलते. ७ जानेवारी झालेला आकडा ७ जानेवारीच राहतो, आणि मजकुरावर तर काहीच परिणाम होत नाही. खरा उपाय फाइल आत घेतानाच करावा लागतो: डेटा टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल घेऊन त्या रकान्यासाठी मूळ प्रदेश सांगणे. लिबरऑफिस फाइल उघडतानाच रकान्याचा क्रम सांगण्याची सोय देते. गूगल शीट्समध्ये प्रदेशाचे सेटिंग त्या शीटचे असते, संगणकाचे नव्हे. त्यामुळे पुण्यातली व्यक्ती आणि शिकागोतली व्यक्ती एकाच शीटमध्ये तारखा एकाच क्रमाने पाहतात.

वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१चा क्रम, म्हणजे २०२४-०७-०५, वापरला की प्रश्न मिटला असे म्हणतात. बऱ्याच अंशी ते खरे आहे. या लिखाणाचा दुसरा अर्थ एक्सेल लावत नाही. पण अशी फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, की पडद्यावर दिसणारे रूप फाइलमध्ये उतरते आणि आयएसओ क्रम नाहीसा होतो. नुसते उघडून सेव्ह करणे हाही बदलच असतो. दुसरी अडचण वेळेची. भारतातली ५ जुलैची मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेत ४ जुलैच्या संध्याकाळी साडेसहाची वेळ असते. सर्व्हरने प्रमाणवेळेतली नोंद काढून पुढचा वेळेचा भाग छाटला, तर तारीख एक दिवस मागे जाते. दोष मात्र एक्सेलवर येतो.

सीएसव्हीऐवजी एक्सएलएसएक्स फाइल दिली तर दिवस-महिन्याचा गोंधळ टळतो, कारण तिच्यात आकडाच साठवलेला असतो. अपवाद आहे तो १९०४च्या मोजणीचा. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमध्ये दिवस १ जानेवारी १९०४पासून मोजले जात, आणि हा पर्याय अजूनही आहे. अशा वर्कबुकमधले नुसते आकडे दुसरीकडे नेले, तर तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात.

तारीख नसलेल्या मजकुरालाही एक्सेल तारीख समजते. ‘मार्च१’सारखी जनुकांची नावे तारखा होऊ लागल्याने २०२०मध्ये मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने काही नावेच बदलली. असे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये दिला. उलट मराठी पत्रव्यवहारातली ५.७.२०२४ ही ठिपक्यांची तारीख भारतीय किंवा अमेरिकी सेटिंगमध्ये मजकूरच राहते.

बिघडलेली फाइल दुरुस्त होऊ शकते, पण एका अटीवर: रकान्यातल्या सगळ्या नोंदी एकाच निर्यातीतून आलेल्या हव्यात. मग खऱ्या तारखांचा दिवस आणि महिना अदलाबदल करायचा आणि मजकुराचे तुकडे पाडून नव्याने तारीख जुळवायची. त्यात नंतर कुणी हाताने बरोबर तारखा भरल्या असतील, तर कोणती नोंद उलटलेली आणि कोणती मुळातली, हे त्या फाइलवरून ओळखता येत नाही. मूळ सीएसव्हीच पुन्हा काढावी लागते.