विद्यार्थ्यांसाठीची सदनिका-इमारत : लाभ, मर्यादा आणि महाविद्यालयाची भूमिका
(विशेष संदर्भ : पुणे शहर)

प्रस्तावना

उच्च शिक्षणाचा विचार करताना आपण अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, ग्रंथालय व मूल्यमापन यांची चर्चा करतो. विद्यार्थी रात्री कोठे झोपतो, कोठे जेवतो आणि त्यासाठी दरमहा किती पैसे मोजतो, हा प्रश्न मात्र बहुधा कार्यालयाचा किंवा पालकांचा मानला जातो. वस्तुतः ग्रामीण भागातून शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत प्रवेश मिळणे आणि शिक्षण पूर्ण होणे यांच्यामधील सर्वांत कच्चा दुवा निवासाचाच असतो. गुणवत्ता यादीत नाव असूनही राहण्याची सोय नाही म्हणून प्रवेश सोडावा लागणे, ही बाब विशेषतः मुलींच्या शिक्षणावर दूरगामी परिणाम करणारी आहे.

पारंपरिक वसतिगृहाला पर्याय म्हणून शहरांत विद्यार्थ्यांसाठीच्या सदनिका-इमारती पुढे आल्या आहेत. या इमारतींचे गुणदोष तपासणे आणि त्यासंदर्भात महाविद्यालयाने कोणती भूमिका घ्यावी याची मांडणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व पार्श्वभूमी

सदनिका-इमारत म्हणजे ज्या इमारतीत प्रत्येक घटकाला स्वतंत्र दार, स्वयंपाकघर व स्वच्छतागृह असते अशी इमारत. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तिचे तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात काही विद्यार्थी मिळून कुटुंबासाठी बांधलेली सदनिका भाड्याने घेतात. दुसऱ्या प्रकारात मालक किंवा चालक सदनिकेत खाटा मांडून प्रत्येक खाटेचे स्वतंत्र भाडे घेतो. पुण्यात यालाच ‘कॉट बेसिस’ म्हणतात. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शनिवार पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, अभ्यासिका, खाणावळी आणि कॉट बेसिसच्या खोल्या यांची एक साखळीच तयार झालेली आहे. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण इमारत प्रारंभापासून विद्यार्थ्यांसाठीच बांधलेली किंवा चालविलेली असते. या तिन्ही प्रकारांना बोलीत ‘रूम’ असा एकच शब्द वापरला जात असला, तरी त्यांचे प्रश्न भिन्न आहेत.

महाराष्ट्राला विद्यार्थी निवासाची मोठी परंपरा लाभली आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समितीचे कार्य सुरू झाले. या सर्व प्रयत्नांत निवास हे शिक्षणाचेच अंग मानले गेले होते. सदनिका-इमारतीत मात्र निवास ही प्रामुख्याने भाड्याने घ्यावयाची वस्तू ठरते. पुढील विवेचन समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सदनिका-इमारतीचे लाभ

१) स्वातंत्र्य व स्वावलंबन : वसतिगृहाचे दार ठरावीक वेळी बंद होते. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबणाऱ्या, अर्धवेळ नोकरी करणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही वेळ जाचक ठरते. सदनिकेत दिनक्रम विद्यार्थी स्वतः ठरवितो. वीजबिल भरणे, किराणा आणणे, कामांची वाटणी करणे यांतून व्यवहारज्ञान मिळते.

२) आहार : खाणावळीचे जेवण सर्वांना मानवतेच असे नाही. स्वतंत्र स्वयंपाकघर असल्यास प्रकृती, आवड व ऐपत यांनुसार जेवण करता येते. एक वेळचा डबा लावून दुसऱ्या वेळी स्वतः रांधणारे विद्यार्थी खर्चात बरीच बचत करू शकतात.

३) एकांत व अभ्यास : मोठ्या दालनातील वास्तव्यापेक्षा तीन-चार जणांच्या सदनिकेत गोंगाट कमी असतो. सामाईक स्वच्छतागृहासमोर सकाळी रांग लावावी लागत नाही.

४) वास्तव्याचे सातत्य : अनेक वसतिगृहांत प्रवेश दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो आणि सुट्टीत खोली रिकामी करावी लागते. सदनिकेचा करार चालू असेपर्यंत सामान हलवावे लागत नाही. उन्हाळ्यात प्रशिक्षण किंवा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ही मोठी सोय असते.

५) संस्थेच्या दृष्टीने लवचीकता : महाविद्यालयाने अशी इमारत बांधल्यास पुढे विद्यार्थिसंख्या घटली, तर तीच इमारत कर्मचारी निवास किंवा अतिथीगृह म्हणून वापरता येते.

मर्यादा व दोष

१) क्षमतेपेक्षा अधिक वास्तव्य : हा सर्वांत गंभीर दोष होय. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) निवासी इमारतींचे उपविभाग केलेले असून शयनगृह-प्रकारची इमारत आणि सदनिकांची इमारत हे दोन वेगळे प्रकार मानले आहेत. अग्निसुरक्षेच्या हिशेबासाठी निवासी इमारतीत दर माणशी १२.५ चौरस मीटर क्षेत्र धरले जाते. या प्रमाणानुसार ५० चौरस मीटरच्या सदनिकेत चार माणसे गृहीत असतात. तेथे आठ खाटा मांडल्या, की जिना, वीजजोडणी आणि सांडपाणी या सर्वांवर दुप्पट भार येतो. पाण्याचाही हिशेब असाच आहे. दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रचलित प्रमाण धरल्यास चार जणांना ५४० लिटर, तर आठ जणांना १,०८० लिटर पाणी लागते. टाकी मात्र पहिल्याच हिशेबाने बांधलेली असते. शेजारच्या कुटुंबांची विद्यार्थ्यांविषयीची नाराजी पुष्कळदा ‘वर्तना’पेक्षा या अपुऱ्या सोयींतून उद्भवते.

२) सुरक्षिततेतील अंतर्विरोध : मुलींच्या इमारतीत खिडक्यांना जाळ्या, गच्चीला कुलूप आणि रात्री एकच बंद दरवाजा या गोष्टी सुरक्षिततेचे लक्षण मानल्या जातात. आग लागल्यास याच गोष्टी बाहेर पडण्याचा मार्ग बंद करतात. बंद खोलीत विजेची शेगडी, इस्त्री व भ्रमणध्वनीचे चार्जर एकाच जोडणीवर चालत असतील, तर धोका अधिक वाढतो. चोराला आत येता येऊ नये आणि आतल्याला मात्र क्षणात बाहेर पडता यावे, अशी रचना हवी. ती खर्चिक असते म्हणून टाळली जाते.

३) आर्थिक दायित्व : सदनिकेचे भाडे प्रथमदर्शनी स्वस्त वाटते. उदाहरणादाखल १८,००० रुपये मासिक भाड्याची सदनिका तिघांनी घेतल्यास प्रत्येकी ६,००० रुपये पडतात. एकाने मध्येच शिक्षण सोडले, तर उरलेल्या दोघांवर ९,००० रुपयांचा भार येतो. त्याखेरीज अनामत रक्कम, दलाली, भांडीकुंडी, वीज व इंटरनेट यांचा खर्च वेगळा असतो. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो; म्हणजे सुट्टीतही भाडे चुकत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर गावी परतलेल्या विद्यार्थ्यांसमोर रिकाम्या खोलीच्या भाड्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कराराची ही बाजू प्रकर्षाने जाणवली.

शासकीय साहाय्याशी तुलना केल्यास हे चित्र अधिक स्पष्ट होते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. त्या वेळी पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वार्षिक ६०,००० रुपये ठरविण्यात आले आणि त्यांपैकी निवासासाठी २०,००० रुपये होते. दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षात विभागल्यास ही रक्कम दरमहा २,००० रुपये भरते. वरील उदाहरणातील तिघांच्या सदनिकेचा एक वाटासुद्धा या रकमेच्या तिप्पट आहे. परिणामी साहाय्यावर अवलंबून असलेला विद्यार्थी आपोआप सर्वाधिक गर्दीच्या खोलीकडे ढकलला जातो.

४) एकाकीपणा व देखरेखीचा अभाव : वसतिगृहात एखादा विद्यार्थी दोन दिवस जेवणाच्या वेळी दिसला नाही, तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. सदनिकेचे दार बंद झाले, की आजारपण, नैराश्य, व्यसन किंवा सहनिवाशांकडून होणारा त्रास आतच राहतो. अधीक्षकाचा जाच नसणे हा लाभ आणि अधीक्षकाचे लक्ष नसणे हा दोष, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

५) निवडीतील भेदभाव : वसतिगृहातील प्रवेशाला लिखित निकष व आरक्षण असते. खासगी सदनिका कोणाला द्यावयाची हे मालक ठरवितो. आडनाव, धर्म, आहार, प्रांत किंवा ‘एकट्या मुली’ या कारणांवरून नकार दिला जातो आणि तो लेखी नसल्याने त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. विविध थरांतील मुलांनी एकत्र राहावे हा कर्मवीरांच्या वसतिगृहामागील विचार येथे नेमका उलटा होतो. सारखे सारख्यांबरोबर राहू लागतात.

कायदेशीर बाजू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा अनुज्ञप्ती करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नसल्यास आणि अन्यथा सिद्ध न झाल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही तरतूद विद्यार्थ्याच्या बाजूची आहे. पण ती बहुतेकांना ठाऊक नसते. त्याचबरोबर भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत पालकांनीच करार करणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ज्या इमारतींना अग्निसुरक्षेच्या तरतुदी लागू आहेत, तेथील यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावे लागते. प्रवेशाचा हंगाम साधारण जून-जुलैचा असतो. त्यामुळे हे प्रमाणपत्र पाहण्यास मागणे पालकांना सहज शक्य आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नेही शैक्षणिक संस्थेच्या आत आणि बाहेर दोन्ही ठिकाणी रॅगिंगला मनाई केली आहे. अर्थात, ‘ते आमच्या परिसरात घडले नाही’ असे म्हणून महाविद्यालयाला हात झटकता येत नाहीत.

करांच्या संदर्भात जून २०२४ मधील वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५३ व्या बैठकीत घेतलेला निर्णय महत्त्वाचा आहे. दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवाससेवेला करातून सूट देण्यात आली. चालक याहून कमी भाड्याच्या दीर्घ मुदतीच्या निवासावर कर लावत असेल, तर विद्यार्थ्याने त्याचे स्पष्टीकरण मागावे.

महाविद्यालयापुढील पर्याय

वरील विवेचनावरून सदनिका चांगली की वसतिगृह चांगले, असा सरसकट निर्णय देणे योग्य ठरणार नाही. वय व गरज यांनुसार उत्तर बदलते. घर प्रथमच सोडणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयातील व पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना देखरेख, नियमित जेवण व सहवास यांची गरज अधिक असते. त्यांच्यासाठी वसतिगृहच श्रेयस्कर होय. पदव्युत्तर, संशोधक व नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सदनिका उपयुक्त ठरते. महाविद्यालयाला नवीन इमारत बांधावयाची असल्यास चार ते सहा विद्यार्थ्यांचे लहान घटक, प्रत्येक घटकाला स्वतंत्र स्वच्छतागृह, परंतु प्रत्येक मजल्यावर सामाईक भोजनकक्ष व अभ्यासिका आणि दोन स्वतंत्र जिने, अशी मिश्र रचना विचारात घेता येईल. तिच्यात एकांत टिकतो आणि विद्यार्थी नजरेआडही होत नाही.

ज्या महाविद्यालयांना बांधकाम शक्य नाही, त्यांनाही काही गोष्टी अल्प खर्चात करता येतील. प्रवेश अर्जात निवासाचा प्रकार नोंदविणे, परिसरातील तपासलेल्या निवासांची यादी प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करणे, कराराचा सोपा मराठी नमुना उपलब्ध करून देणे आणि वर्गशिक्षकांनी सत्रातून एकदा तरी बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोलीस भेट देणे, हे उपाय तातडीने योजण्यासारखे आहेत. यादीत नाव समाविष्ट करण्यापूर्वी माणशी क्षेत्र, पाणी, बाहेर पडण्याचे मार्ग आणि नोंदणीकृत करार या चार बाबी पाहाव्यात. जात, धर्म किंवा प्रांत यांवरून नकार देणाऱ्या मालकाचे नाव यादीत ठेवू नये.

निष्कर्ष

१) सदनिका-इमारत विद्यार्थ्याला स्वातंत्र्य व स्वावलंबन देते, परंतु जोखीमही त्याच्याच खांद्यावर टाकते.

२) तिचे बहुसंख्य दोष सदनिका या रचनेचे नसून, कुटुंबासाठी बांधलेल्या जागेत शयनगृहाइतकी माणसे ठेवण्याचे आहेत.

३) शासकीय निवास साहाय्य आणि प्रत्यक्ष भाडे यांतील तफावत कमी झाल्याशिवाय गरीब विद्यार्थ्याला सदनिका हा खऱ्या अर्थाने पर्याय उरत नाही.

४) विद्यार्थी परिसराबाहेर राहतो म्हणून महाविद्यालयाची जबाबदारी संपत नाही. हजेरीपटावर सातत्याने गैरहजर दिसणाऱ्या नावाचे कारण पुष्कळदा त्याच्या खोलीत सापडते. तेव्हा निवासाचा प्रश्न हा शैक्षणिक प्रश्न मानून प्राध्यापक वर्गाने त्यात लक्ष घालणे, ही आजची गरज आहे.