लेथचा वेग आपल्या हाती

वाचकहो, तुमच्या गावात सुताराचा लेथ असेल तर एकदा त्याच्या दारात उभे राहून नुसते ऐका. लाटणे कातताना लेथ एका सुरात गुणगुणतो. त्याच लेथवर काठवटीचा ओंडका चढवला की खालची जमीन हादरते आणि फळीवरचे खिळ्यांचे डबे वाजायला लागतात. लेथ तोच, मोटार तीच, कातणाराही तोच. बिघडलेला असतो तो फक्त वेग.

आमचे घर धारूर तालुक्यातले, सुताराचे. वडिलांच्या उमेदीत आमच्याकडे दोरीचा लेथ होता. आई दोरी ओढायची आणि वडील पटाशी धरायचे. आई दमली की वेग आपोआप कमी व्हायचा. मोठा ओंडका असला तर वडील नुसते "दमानं" म्हणायचे. आज विचार केला तर खरा कमी-जास्त वेगाचा लेथ तोच होता!

पुढे वीज आली, मोटार आली आणि आईचे खांदे सुटले. पण मोटारीला "दमानं" कळत नाही. साध्या मोटारीचे फेरे मिनिटाला सुमारे १४४० ठरलेले. ते बदलायचे तर लेथ बंद करून पट्टा लहान-मोठ्या पुलीवर सरकवायचा. कामाच्या गर्दीत हा खटाटोप कोण करतो? १९८४ च्या उन्हाळ्यात वडिलांनी सकाळभर कोयत्याच्या मुठी कातल्या आणि दुपारी पट्टा न बदलताच बाभळीचा ओंडका काठवटीसाठी चढवला. बटण दाबल्याबरोबर तो सुटला आणि त्यांच्या जबड्यावर बसला. दोन महिने दुकान बंद राहिले. पेरणीच्या तोंडावरची सगळी कामे दुसऱ्या गावाला गेली. आईने गळ्यातली पोत गहाण टाकली, ती सोडवायला दोन सुगी लागल्या.

हे असे का झाले, ते हिशेबाने पाहा. दीड इंच जाडीचे लाटणे १४४० फेऱ्यांवर फिरते तेव्हा त्याची कड ताशी सुमारे १० किलोमीटरने पळते, म्हणजे पळत्या माणसाइतकी. त्याच फेऱ्यांवर दहा इंची पोळपाटाची कड ताशी जवळजवळ ६९ किलोमीटरने जाते. रस्त्यावरच्या यष्टीचा हा वेग! त्यात ओंडका एका बाजूला जड असला तर तो उसळणारच. कातकाम करणाऱ्यांचा एक अंदाज आहे: लाकडाची जाडी इंचात आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवावा. दहा इंचाला ६०० ते ९०० फेरे झाले. हा अंदाज गोल झालेल्या लाकडाचा आहे. कच्चा, ओबडधोबड ओंडका त्याच्या निम्म्याहून कमी वेगावरच सुरू करावा.

मात्र सगळेच काम संथ चालवूनही भागत नाही. सावंतवाडीची किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी तुम्ही पाहिली असतील. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. वेग पुरेसा नसेल तर लाख नुसती खरडते. बारीक मुठीही संथ वेगावर कातल्या की रेषा उठतात आणि पॉलिश कागद घासून हात दुखतात.

आता मुद्द्याचे. नवा, बटण फिरवून वेग बदलणारा लेथ घ्यावा, की जुन्यालाच ती सोय बसवावी? माझे मत विचाराल तर आधी जुन्या लेथचा सांगाडा पाहा. बीडचा ओतीव लोखंडाचा असेल, शाफ्ट हलत नसेल, बेअरिंग धड असतील, तर तो भंगारात देऊ नका. नव्या हलक्या पत्र्याच्या लेथपेक्षा तो बरा. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमच्या जिल्ह्याचा त्यात काही वाटा नाही!)

बदलायची ती मोटार. वेग बदलणारी पेटी, जिला बाजारात ड्राइव्ह किंवा व्हीएफडी म्हणतात, ती विजेची कंपनसंख्याच बदलते. ५० ची २५ केली की मोटारीचे फेरे निम्म्यावर येतात. घरातल्या सिंगल फेज विजेवर चालून थ्री फेज मोटार फिरवणाऱ्या पेट्या मिळतात, म्हणजे दुकानात थ्री फेज जोड घ्यावा लागत नाही. पण मोटार मात्र थ्री फेजच हवी आणि तिचे आतले जोड २३० व्होल्टला चालतील असे करून घ्यावे लागतात. ते काम जाणत्या वायरमनचे. कंडेन्सरच्या जुन्या सिंगल फेज मोटारीला ही पेटी लावू नका आणि पंख्याचा रेग्युलेटर तर मुळीच नको. मोटार जळते.

बटण आले म्हणून जुन्या पुल्या काढून टाकू नका. पट्ट्याने वेग उतरवला की जोर वाढतो, बटणाने उतरवला की तो वाढत नाही. शिवाय मोटारीचा पंखा मंदावून ती तापते. म्हणून काठवट असेल तर पट्टा संथ पुलीवर घ्या आणि वरचा बारीक फरक बटणाने करा.

आपल्याकडे विजेचा भरवसा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. परळीचे वीजकेंद्र १९७१ पासूनचे, पण आमच्या दुकानात वीज जाते ती जातेच. साध्या बटणाच्या लेथवर वीज परत आली की लेथ आपोआप सुरू होतो. तेव्हा पोर लाकूड चाचपत उभे असेल तर? ड्राइव्हमध्ये पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटार फिरणार नाही अशी सोय करता येते. ती पहिल्याच दिवशी करून घ्या. पेटी भुशापासून दूर, भिंतीवर बंद जागी लावा, अर्थिंग पक्के ठेवा. वीज तोडल्यावरही आत काही मिनिटे धक्का बसण्याइतकी वीज उरते, म्हणून झाकण लगेच उघडू नका. आणि लेथवर हातमोजे, उपरणे, पदर यांतले काही नको. तोंडासमोर पारदर्शक मुखवटा मात्र हवाच.

पैशाचे म्हणाल तर २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी करणारे, दोघेही आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. लाभ एका कुटुंबातून एकालाच. कोणी अर्ज करायचा, हे घरात आधी ठरवा, नाहीतर दोघे भाऊ एकाच खिडकीवर भेटायचे.

आमच्या लेथला मुलाने गेल्या वर्षी ड्राइव्ह बसवला. वडील आता कातत नाहीत. दसऱ्याआधी ऊसतोडीला निघालेल्यांच्या मुठींची घाई असते, तेव्हा दारातल्या बाजेवर बसून असतात. ओंडका बदलला की आतून मुलाचा आवाज येतो, "आजोबा, शून्यावर आणलंय." मग ते तंबाखूची डबी उघडतात.